भिंतीत एसी बसवताना

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

होळी झाली की आपल्या केंद्रावर येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. सासूबाईंना रात्रभर झोप नाही, बाळाचं अंग घामोळ्यांनी भरलंय, एसी घ्यावा म्हणतो पण बिलाची धास्ती वाटते. असे फोन रोज येतात. निफाडकडच्या एका ताईंचा प्रश्न वेगळा होता. भिंतीत बसणारा, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारा एसी त्यांनी दुकानात पाहिला. तो हिवाळ्यात हीटरइतकीच वीज खातो का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर कळलं की एसी कुठं बसवायचा, कसा चालवायचा आणि फिटरला काय विचारायचं, हे बरंचसं आपोआप कळतं. म्हणून आज त्यावरच बोलू.

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. विहिरीवरची मोटर आठवा. मोटर पाणी तयार करते का? नाही. खाली असलेलं पाणी ती वर चढवते, आणि त्या चढवण्यापुरतीच वीज खाते. एसी हा तसाच उष्णतेचा पंप आहे. त्याच्या नळ्यांमध्ये एक गॅस फिरत असतो. आतल्या बाजूला त्याचं द्रवातून वाफेत रूपांतर होतं आणि त्या वेळी तो खोलीतली उष्णता शोषून घेतो. माठातलं पाणी झिरपून वाळतं तेव्हा माठ गार होतो, तसंच हे. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती तापते, आणि बाहेरच्या जाळीतून उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. फ्रीजच्या मागच्या बाजूला किंवा कडेला हात लावला तर गरम लागतं ना, ती भाजी-दुधातून काढलेलीच उष्णता असते.

आता याच यंत्रात गॅसची वाट उलटी फिरवणारी एक झडप बसवली, की बाहेरची उष्णता आत यायला लागते. हाच हीट पंप. तुम्ही म्हणाल, थंडीत बाहेर कुठली आलीय उष्णता? पण बाहेर ८ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. नळीतला गॅस त्याहून थंड केला की ती त्याच्यात शिरते. कॉइलचा हीटर १ युनिट विजेतून १ युनिट उष्णता देतो, जास्त देऊच शकत नाही. हीट पंप १ युनिट विजेवर साधारण ३ युनिट उष्णता आत आणून टाकतो. तेव्हा निफाडच्या ताई, उत्तर असं: तितक्याच उबेला हीटरच्या साधारण तिसरा हिस्सा वीज लागते. मात्र खरेदी करताना एक गोष्ट स्पष्ट विचारा, की हा ‘हॉट अँड कोल्ड’ हीट पंपाचा आहे की आत नुसती हीटरची कॉइल घातलीय? दोन्ही प्रकार त्याच नावानं विकले जातात. कॉइलचा असेल तर गरम करताना बचत शून्य.

विहीर जितकी खोल तितकी मोटरला जास्त मेहनत, हे आपल्याला ठाऊक आहे. इथं खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातलं अंतर. बाहेर ४० अंश असताना आत १८ मागाल तर पंपाला २२ पायऱ्या चढायच्या आहेत. २६ मागाल तर १४. म्हणून १ अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. त्याच विचारानं १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे घरगुती एसी सुरू केल्यावर आधी २४ अंशांवर लागतील असेच बनवले जातात. पुष्कळ घरांत मात्र कुणीतरी रिमोट घेतं आणि लगेच १६ करून टाकतं, म्हणजे लवकर गार होईल. साध्या कॉम्प्रेसरचा एसी १६ वर लवकर गार करत नाही, तो फक्त उशिरापर्यंत थांबत नाही. २६ वर ठेवा आणि छताचा पंखा हळू फिरू द्या. अंगाला वारा लागला की तेच २६ अंश पुरेसे वाटतात.

आता बसवण्याकडे येऊ. अमेरिकेत जुन्या इमारतींच्या आणि मोटेलांच्या भिंतीत पत्र्याची पेटी कायमची बसवलेली असते आणि तिच्यात एसी सरकवतात. तो एसी बाहेरची हवा मागूनच घेतो आणि मागूनच सोडतो, म्हणून भिंतीत पूर्ण गेला तरी चालतो. आपल्या बाजारात मिळतो तो खिडकीचा एसी. त्याच्या दोन्ही कडांना आणि काहींच्या वरच्या बाजूलाही फटी असतात. त्या फटींतून तो हवा ओढतो. हा एसी भिंतीत बसवता येतो, पण त्या सगळ्या फटी भिंतीच्या बाहेर राहिल्या पाहिजेत. नऊ इंची विटेच्या भिंतीत हे बहुधा जमतं. जुन्या घराची दीड-दोन फुटांची दगडी भिंत असेल तर जमत नाही. फटी भिंतीत गाडल्या गेल्या की एसीचा श्वास कोंडतो, उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, पुन्हा चालू होतो, आणि बिल मात्र पूर्ण येतं. दगडी घर असेल तर खिडकी वापरा नाहीतर सरळ स्प्लिट घ्या.

भिंत फोडण्याआधी गवंड्याला बोलवा, एसीच्या फिटरवर ते सोडू नका. पिलर किंवा बीमला हात लावायचा नाही. विटांची भिंत वरच्या स्लॅबचा भार घेत असेल तर भोकावर लिंटल टाकल्याशिवाय फोडायची नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. माप एसीच्या पुस्तिकेतून घ्या, शेजारच्या घरातल्या भोकाचं घेऊ नका. दीड टनाचा खिडकीचा एसी ५०-६० किलोंचा असतो. तो लाकडी चौकटीवर तरंगत ठेवायचा नसतो. त्याला खालून लोखंडी अँगलचा आधार हवा, आणि तो भिंतीत पक्का रोवलेला हवा. खाली रस्ता असेल, मुलं खेळत असतील, तर यात एक रुपयाचीही कंजुषी नको.

बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. थोडासाच, पाव-अर्धा इंच. हवेतला ओलावा थंड जाळीवर जमून पाणी होतं, ते बाहेर गेलं पाहिजे. उतार आत झाला तर पाणी भिंतीतून उतरून पलंगामागे बुरशी धरतं. चौकटीच्या भोवतालची फट फोमनं नीट बंद करून घ्या. तिथून गरम हवा आत येते, आणि पाली-झुरळंही.

बाहेर मोकळी हवा हवी. काही घरांत एसीची मागची बाजू बंद गॅलरीत सोडलेली दिसते. गॅलरी भट्टीसारखी तापते आणि एसी तीच गरम हवा पुन्हा ओढतो. मग विहीर किती खोल झाली, सांगा! पश्चिमेची भिंत टाळता आली तर टाळा. नाहीच जमलं तर वर छोटा पत्रा टाकून सावली करा, फक्त हवा अडू देऊ नका.

विजेच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ‘चालतंय की’ ऐकत नाही. दीड टनाचा एसी दीड-दोन किलोवॅट वीज ओढतो, तीही तासन्‌तास. त्याला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी. तांब्याची, साधारण ४ चौरस मिलिमीटर जाडीची. स्वतंत्र एमसीबी हवा आणि मोठा पॉवर प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी लावायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही. वायर आतून वितळत जाते आणि आपण झोपलेलो असतो. अर्थिंग आहे का, हे वायरमनला तपासून दाखवायला सांगा, ‘आहे हो ताई’ यावर भागवू नका. सोबत आरसीसीबी बसवून घेतला तर पत्र्यात वीज उतरली तरी तो सप्लाय तोडतो. आणि घराचा मंजूर भार जुना, १ किलोवॅटचा असेल, तर आधी वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्या.

किती टनाचा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. १ टन बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे १ टन. बर्फाच्या कारखान्यांच्या काळातलं हे माप अजून टिकून आहे. १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला साधारण १ टन पुरतो. वर तापणारी गच्ची असेल तर दीड टन घ्या. उगाच मोठा घेऊ नका. तो खोली झटकन गार करून थांबतो, पण हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग गार पण चिकट वाटतं.

इथं माझं एक प्रामाणिक मत. आपल्या नाशिककडचा एप्रिल-मे कोरडा असतो. मालेगाव-येवल्याकडे तर जास्तच. कोरड्या हवेत कुलर उत्तम काम करतो आणि एसीपेक्षा कितीतरी कमी वीज घेतो. आधी खिडकीत कुलर बसवून, उलट बाजूची खिडकी अर्धी उघडी ठेवून पाहा. भागलं तर पैसे वाचले. माझी बहीण रत्नागिरीला असते, तिला हा सल्ला देऊन उपयोग नाही. तिथल्या दमट हवेत कुलर म्हणजे अंगावर ओलं फडकं. पण घरात आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, वरचा मजला रात्रीही तापत असेल, तर एसीला चैन म्हणू नका. सासूबाई ‘मला नको, मला सवय आहे’ म्हणतात. म्हातारपणी तहान आणि उष्मा दोन्ही कमी जाणवतात, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर विसंबू नका.

बिलाचा अंदाज स्वतः काढा. रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहा, सकाळी उठून पुन्हा लिहा. एका रात्रीत ८ युनिट गेले तर महिन्याचे २४०. आपले दर टप्प्याटप्प्यानं चढतात: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत त्याहून महाग. घरचा नेहमीचा वापर ९० असेल तर तुम्ही एकदम तिसऱ्या टप्प्यात जाता. पहाटे २ नंतर टायमरनं बंद केला, पंखा सुरू ठेवला, तर आकडा बराच उतरतो.

आता ‘गॅस’. दर मार्चमध्ये कुणीतरी येऊन सांगतं, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ मैत्रिणींनो, एसीतला गॅस सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. ‘गळती कुठंय ते आधी दाखवा, सांधा, मगच भरा,’ असं म्हणायचं. आणि त्याआधी जाळी काढून बघायची. निम्म्या वेळा दोष धुळीचा असतो. जाळी दर १५ दिवसांनी प्लग काढून साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवून लावा. हल्लीच्या एसीत आर-३२ किंवा आर-२९० नावाचे गॅस असतात, ते पेट घेऊ शकतात. काम चालू असताना विडी-काडी, उदबत्ती, शेगडी जवळ नको. स्प्लिट बसवत असतील तर गॅस सोडण्याआधी नळ्यांतली हवा व्हॅक्युम पंप लावून काढतात की नाही, ते उभं राहून पाहा. त्याला १५-२० मिनिटं लागतात. ‘गरज नाही’ म्हणणाऱ्या फिटरला पंप आणायला परत पाठवा.

बंद केलेला एसी लगेच चालू करू नका, ३ मिनिटं थांबा. आत दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. वीज सारखी ये-जा करत असेल तर ही सवय फारच महत्त्वाची.

हिवाळ्याबद्दल राहिलं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी ५ अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत हीट पंप मधेच दहा-पंधरा मिनिटं गरम हवा थांबवतो, आणि बाहेरच्या भागातून वाफ निघते, पाणी ठिबकतं. घाबरू नका. बाहेरच्या जाळीवर जमलेलं दव-बर्फ तो वितळवत असतो. गरम करताना २० ते २२ अंश पुरे, आणि गरम हवा वर जाते म्हणून पात्या खालच्या दिशेला करा. याचा सगळ्यात मोठा फायदा बिलाचा नाही. यात काहीच जळत नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत अजून आहे, आणि तिच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हीट पंपात ती भीती नाही. तरी तो बाहेरची ताजी हवा आणत नाही, म्हणून दिवसातून दोनदा खिडकी उघडा.

शेवटचा फोन सिन्नरच्या ताईंचा होता: एसीचं पाणी बादलीभर जमतं, ते काय करायचं? झाडांना घाला, फरशी पुसा, अंगण शिंपडा. प्यायचं नाही, आणि त्यात जाळीची धूळ असते, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही ओतायचं नाही. बादली मात्र झाकून ठेवा, डास होतात.