राज्यशास्त्रात पीएच.डी. : अर्ज भरण्यापूर्वी

मुलाने वा मुलीने सी.ए. व्हावयाचे ठरविले, तर आपल्या घरांत 'का' असे कोणी विचारीत नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा वडिलोपार्जित पेढी यांविषयीही कोणास प्रश्न पडत नाही. मात्र एखादी मुलगी एम.ए. झाल्यावर राज्यशास्त्रात पीएच.डी. करावयाची म्हणाली, की घर क्षणभर शांत होते. मग कोणीतरी वडीलधारे विचारतात, "म्हणजे निवडणुकीला उभी राहणार का?"

प्रश्न विनोदाने विचारलेला असला, तरी त्यामागचा संभ्रम खरा आहे. सत्ता कोणाकडे जाते, ती तेथे का टिकते आणि सामान्य माणूस तिला होकार वा नकार कसा देतो, याचा पुराव्यानिशी शोध घेणारे हे शास्त्र आहे. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविणारे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी १९२० ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहावर ग्रंथ लिहिला. धरणाखाली जमिनी जाणारे शेतकरी, सावकार, पुण्याचे पुढारी, सरकार आणि कंपनी यांपैकी कोणाचे हित कोठे गुंतले होते, हा त्यातील शोध. विषय पुण्यापासून काही कोसांवरचा. पण धरणे आणि विस्थापन यांवर पुढे जगभर जी चर्चा झाली, तिच्याशी तो थेट जोडला गेला.

अर्जाचे मर्म येथेच आहे. बँकेच्या नोकरीत असंख्य कर्जप्रस्ताव वाचावे लागले. 'व्यवसायवाढीसाठी' एवढेच लिहिलेला प्रस्ताव आम्ही बाजूस ठेवीत असू. कोणते यंत्र, कोठून, किती किमतीस आणि त्यावर माल कोणास विकणार हे ज्याने लिहिले, त्याच्याशी बोलणे पुढे सरकत असे. संशोधन आराखड्याचेही तसेच आहे. 'भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने' हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय झाला. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. राखीव जागेवरून निवडून आलेल्या सरपंच महिला आरक्षण बदलल्यावर पुन्हा उभ्या राहतात का, नसल्यास त्यांना कोण थांबविते, हे एखाद्या तालुक्यापुरते विचारले, तर तो संशोधनाचा प्रश्न होतो. कोणती कागदपत्रे पाहणार, कोणाच्या मुलाखती घेणार, हेही मग आपोआप सुचू लागते. त्या विषयावर पूर्वी कोणी काम केले आहे, हे 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संग्रहात घरबसल्या पाहता येते. अर्ज भरण्याआधी त्यातील निदान दहा प्रबंध चाळावेत. त्यांपैकी काही वाचून निराशा होईल. तीही उपयोगाची आहे.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली सध्या आधारभूत आहे. पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के गुण लागतात. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांस ७५ टक्के असल्यास थेट पात्रता मिळते. राखीव व आर्थिक दुर्बल गटांस यात ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.फिल. बंद झाले. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करता येते, मात्र मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे.

२०२४-२५ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. फेलोशिपच्या यादीत नाव नसलेल्यांसाठी नेटच्या गुणांस ७० टक्के आणि मुलाखतीस ३० टक्के भार असतो. हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. काही विद्यापीठे स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तेव्हा ज्या विद्यापीठात जावयाचे त्याची सूचना मुळातून वाचावी. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. प्रबंध मराठीत लिहिण्यास अनेक विद्यापीठांत मुभा असली, तरी नेटमधील राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच असते. ३०० गुणांच्या या परीक्षेत चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. कोरे उत्तर सोडून येण्यात शहाणपण नाही.

उत्तम गुण असूनही प्रवेश हुकतो, त्याचे कारण पुष्कळदा मार्गदर्शकाकडे जागा नसणे हे असते. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांस नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून विद्यापीठाच्या नावाइतकेच आपल्या विषयाचे मार्गदर्शक कोण, त्यांच्याकडे जागा किती, हे आधी विचारावे. त्यांचे दोन लेख वाचून मग पत्र लिहिले, तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

खर्चाचा हिशेब स्वभावतःच माझ्या आवडीचा. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात; हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. तिच्यासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असून महिलांस पाच वर्षांची सवलत आहे. आपल्या समाजातील पालक अजूनही मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपविषयी विचारतात. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यावर तिचा मार्ग आपल्याला खुला झाला होता. परंतु २०२२-२३ पासून केंद्र सरकारने ती योजनाच बंद केली. तिच्या भरवशावर कोणी नियोजन करू नये. फेलोशिप नसेल, तर किमान तीन वर्षांचा निर्वाह कोठून होणार हे घराने आधीच बसून ठरवावे. या पदवीसाठी मोठे कर्ज काढण्याच्या मी विरुद्ध आहे. अध्यापनाची कायम नोकरी कधी लागेल याची हमी कोणी देत नाही आणि हप्ता मात्र थांबत नाही.

मुलींच्या बाबतीत घरांत खरी अडचण निराळीच असते. "लग्न झाले की अर्धवट राहील, मग सुरू तरी कशाला?" हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकले आहे. नियमावली याहून उदार आहे. अभ्यासास किमान तीन व साधारण कमाल सहा वर्षे दिली आहेत. पुनर्नोंदणी करून दोन वर्षे वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. विवाहामुळे गाव बदलले, तर काही अटींवर केलेले संशोधन सासरच्या गावाजवळील विद्यापीठात नेण्याचीही तरतूद आहे. सोलापूरची मुलगी नागपुरास गेली म्हणून तिच्या तीन वर्षांच्या टिपणवह्या माळ्यावर पडण्याचे कारण नाही.

ही तरतूद सोयरीक जुळविणाऱ्या फार थोड्या मंडळींना ठाऊक असते. परिचयपत्रात नुसते 'पीएच.डी. चालू' असे लिहिण्याऐवजी नोंदणीची तारीख, विषय, विद्यापीठ आणि प्रबंध सादर करण्याचा अपेक्षित महिना लिहावा, म्हणजे समोरच्या घरालाही पहिल्या भेटीतच नेमके बोलता येईल.