राक्षसाची नजर धरून ठेवताना

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात ओनिक्सिया नावाची एक काळी ड्रॅगन आहे. २००४ साली खेळ सुरू झाला तेव्हा तिच्या गुहेत ४० खेळाडूंची फौज उतरत असे, पण सुरुवातीला तिच्याकडे धावायचे ते एकाच योद्ध्याने. ढाल पुढे धरून तो तिला अंगावर घेई, गुहेच्या टोकाच्या भिंतीपर्यंत ओढत नेई आणि भिंतीला पाठ टेकून उभा राही. त्यातल्या प्रत्येक पावलाला कारण आहे. ड्रॅगनच्या पंखांचा फटका बसला की माणूस मागे फेकला जातो. पाठीशी भिंत असेल तर तो जागेवर राहतो. तिचे तोंड भिंतीकडे असल्यामुळे जाळाचा लोट त्याच्यापुरताच राहतो. तिच्या मागेही कुणी थांबायचे नाही, कारण शेपटीच्या तडाख्याने खेळाडू बाजूच्या अंड्यांमध्ये जाऊन पडतो आणि पिल्लांचा थवा अंगावर येतो. मग बाकीच्यांना उभे राहायला तिच्या दोन कुशी तेवढ्या उरतात. एकाची जागा पक्की झाली की ३९ जणांच्या जागा आपोआप ठरतात.

या भूमिकेला खेळाडू ‘टँक’ म्हणतात. मार टँकने खायचा, जखमा हीलरने भरायच्या आणि शत्रूला लोळवायचे ते डीपीएस म्हणवणाऱ्यांनी, अशी कामाची वाटणी असते. ती बरीच जुनी आहे. १९९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ‘डिकूमड’ या निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या खेळात योद्ध्याला ‘रेस्क्यू’ ही आज्ञा होती. ती दिली की साथीदारावरचा हल्ला स्वतःवर ओढून घेता येई. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये योद्धे ‘टाँट’ करून, म्हणजे डिवचून, राक्षसाला आपल्याकडे वळवू लागले.

नवखा माणूस टँक घेतो तेव्हा त्याला वाटते, आपण भक्कम असलो की झाले. पण मार सोसायला चिलखत आहे, ढाल आहे, मागे हीलर आहे. टँकने स्वतः करायचे काम वेगळे: शत्रूची नजर स्वतःवर खिळवून ठेवायची आणि त्याला आपल्या गटाच्या सोयीच्या जागी उभे करायचे. एकदा हे ध्यानात आले की खेळ वेगळाच दिसू लागतो.

नजर कशी खिळते, याचे गणित थक्क करणारे आहे. प्रत्येक राक्षसाकडे एक अदृश्य खातेवही असते आणि तीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे ‘थ्रेट’चा आकडा चढत असतो. जुन्या वॉरक्राफ्टचे नियम पाहा. जितके नुकसान तितका थ्रेट. हीलरने भरून काढलेल्या जखमांचा निम्मा, तोही समोरच्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला गेलेला. बचावाच्या पवित्र्यात उभ्या योद्ध्याचा थ्रेट ३० टक्क्यांनी वाढतो. आणि सर्वांत सुंदर नियम असा, की केवळ टँकच्या पुढे गेल्याने राक्षस वळत नाही. जवळून लढणाऱ्याला टँकच्या ११० टक्क्यांच्या पुढे जावे लागते, लांबून मारा करणाऱ्याला १३० टक्क्यांच्या. टाँट केले की टँकचा आकडा एका झटक्यात सर्वांत वरच्या आकड्याइतका होतो. म्हणून राक्षस आपल्याकडेच पाहत असताना टाँट वापरणे म्हणजे ते वाया घालवणे. ते राखून ठेवावे, निसटलेला शत्रू परत आणण्यासाठी.

यातले काहीच सुरुवातीला पडद्यावर दिसत नव्हते. खेळाडूंनी प्रयोग करकरून हे गुणक शोधून काढले, थ्रेट मोजणारी ॲडऑन, म्हणजे खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहिली आणि एकमेकांना वाटली. २००८ मध्ये खेळानेच हे आकडे अधिकृतपणे उपलब्ध करून दिले. खेळणाऱ्यांनी चिकाटीने मिळवलेले असे ज्ञान मला फार मोलाचे वाटते.

जागेचे कसब पाच जणांच्या साध्या डन्जनमध्येही, म्हणजे छोट्या मोहिमेतही, कळते. समोर तीन तलवारधारी आणि दोन जादूगार आहेत. तुम्ही पुल केलेत, म्हणजे डिवचून लढाई सुरू केलीत, की तलवारधारी धावत येतील, जादूगार मात्र दूर उभे राहून मारा करतील, घोळका फुटला. अशा वेळी डिवचून लगेच खांबाआड जावे. नजरेआड झालेल्यावर जादू टाकता येत नाही, त्यामुळे जादूगारांनाही चालत यावेच लागते आणि पाचही जण कोपऱ्याशी एकत्र सापडतात. पुल करण्याआधी हीलरचा माना, म्हणजे उरलेली जादूची शक्ती, पाहणे ही सवय तर अंगवळणीच पडायला हवी. माना संपलेल्या हीलरला घेऊन पुढे धावणारा टँक कितीही भक्कम असला, तरी वाइप, म्हणजे सगळ्या गटाचा खात्मा, ठरलेला.

वेळेचे भान त्याहून कठीण. ‘फायनल फँटसी चौदा’ या खेळात बॉसचा, म्हणजे मुख्य शत्रूचा, जबर वार बहुतेक वेळा आधी एका भरत जाणाऱ्या पट्टीतून दिसतो. खेळाडू त्याला टँकबस्टर म्हणतात. बचावाचा कूलडाऊन, म्हणजे एकदा वापरली की काही काळ परत वापरता न येणारी क्षमता, ती पट्टी भरण्याआधी लावायचा असतो. वार बसल्यावर तो लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक. भारतातून परदेशी सर्व्हरवर खेळणाऱ्याने तर पिंगचा उशीर धरून आणखी थोडे आधीच बटण दाबावे. ओनिक्सियाच्या शेवटच्या टप्प्यात तिच्या डरकाळीने सारे भेदरून पळत सुटत. जुन्या योद्ध्यांनी यावर तोड काढली होती: डरकाळीच्या क्षणभर आधी बचावाचा पवित्रा सोडायचा, ‘बर्सरकर रेज’ लावून भीती झटकायची आणि पुन्हा बचावात परतायचे. मधल्या क्षणात अंगावर येणारा वार जास्त लागे, तो पत्करायचा.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती २००५ मध्ये वॉरक्राफ्टच्या ‘ब्लॅकविंग लेअर’मध्ये आलेल्या व्हेलास्ट्राझ या लाल ड्रॅगनची लढाई. साधारण दर ४५ सेकंदांनी तो समोरच्या टँकला ‘बर्निंग ॲड्रेनलिन’ लावतो. त्या टँकचा मृत्यू मग अटळ, हीलर कितीही कसलेले असोत. म्हणजे टँक मरणार हे धरूनच लढाई आखायची. पहिला कोसळताच थ्रेटच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर दुसरा टँकच असायला हवा, कारण ड्रॅगन त्याच क्षणी त्या क्रमांकाकडे वळतो. तिथे एखादा अतिउत्साही जादूगार असेल, तर ड्रॅगन गर्दीकडे तोंड फिरवतो आणि सगळा गट जाळात सापडतो. म्हणून रांगेतला टँक आपल्या पाळीआधीपासून जीव तोडून थ्रेट जमवत असतो आणि बाकीचे आपला हात आवरत असतात. एकाची कामगिरी इतक्या जणांच्या संयमावर उभी असते.

इतकी जबाबदारी असल्याने टँक व्हायला माणसे कचरतात. डीपीएसची चूक गर्दीत खपून जाते, टँकची सर्वांना दिसते. २०११ मध्ये वॉरक्राफ्टने ‘कॉल टू आर्म्स’ ही सोय आणली आणि ज्या भूमिकेची टंचाई असेल तिला जादा बक्षीस देऊ केले. ते बहुतेक वेळा टँकच्याच वाट्याला येई. चुकणाऱ्या टँकवर तोंडसुख घेणारे गट ही टंचाई स्वतःच वाढवतात, असे माझे ठाम मत आहे.

शिकायची सोय आता चांगली आहे. ‘फायनल फँटसी चौदा’मध्ये ‘हॉल ऑफ द नॉव्हिस’ या जागी टँकचे प्राथमिक धडे मिळतात. वॉरक्राफ्टमध्ये २०२४ पासून काही डन्जन संगणकाच्या साथीदारांबरोबर खेळता येतात. तिथे कॅमेरा जाईल तितका मागे न्यावा, म्हणजे पाठीमागून सुटलेला शत्रूही दिसतो. टाँटचे बटण न पाहता बोट पडेल अशा जागी ठेवावे. प्रत्येक बॉसचे तोंड साथीदारांपासून वळवून घ्यावे, आणि एकदा वळवल्यावर गरज नसताना स्वतः हलू नये, कारण आपण सरकलो की बॉस फिरतो आणि त्याच्या पाठीवर वार करणाऱ्यांना पुन्हा जागा शोधावी लागते.