भिंतींचा विमा आणि घरातील संसार

मी विम्याचा पंडित नव्हे. कामगारांच्या कज्ज्यांत आयुष्य गेले. जे काही शिकलो ते करारनामे वाचून शिकलो. त्या वाचनाने एक गोष्ट मनावर बिंबवली : कागदावर जे लिहिलेले नाही, त्यावर हक्क सांगता येत नाही. विम्याचेही तसेच आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या युनियनच्या एका सभासदाचे तळमजल्यावरचे घर छातीभर पाण्यात गेले. सोसायटीने विमा उतरवला आहे, म्हणून गडी निश्चिंत होता. विमा होता, पण तो इमारतीचा. कपाट, शिलाई यंत्र, गाद्या, मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या यांचा त्यात उल्लेख नव्हता. वीस वर्षांचा संसार गेला आणि हाती पैही आली नाही.

तेव्हा या दोन गोष्टी निराळ्या समजून घ्यावयास हव्यात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आग व भूकंप यांसाठी इमारतीचा विमा उतरवणे हे संस्थेचे काम आहे. तो किती रकमेचा, त्यात पूर येतो की नाही, हे वार्षिक सभेत उभे राहून विचारा. सामानाची काळजी मात्र ज्याची त्याने वाहावयाची.

त्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल ही संकटे तीत येतात. घराची रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नका. जमीन जळत नाही. घर पुन्हा बांधावयास जो खर्च येईल, तोच धरावयाचा. समजा, चटईक्षेत्र ५० चौरस मीटर आणि बांधकामखर्च चौरस मीटरला २५,००० रुपये. म्हणजे विमा साडेबारा लाखांचा. त्याच्या २० टक्के, म्हणजे अडीच लाख, सामानासाठी आपोआप मिळतात. याची मर्यादा १० लाख. अधिक हवे असेल तर सामानाचा तपशील द्यावा. इमारतीचा विमा संस्थेने पुरेसा उतरवला असेल, तर नुसत्या सामानाचाही घेता येतो. भाडेकरूंनीही हे ध्यानात ठेवावे.

आता उणी बाजू. दागिन्यांसाठी निराळे संरक्षण मागून घ्यावे लागते. रोकड यात येत नाही. चोरीही सरसकट येत नाही. विमा असलेले संकट ओढवल्यावर ७ दिवसांच्या आत, त्या संकटामुळे झालेली चोरी तेवढी येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा हवा.

एका रविवारी खोलीवार यादी करा, पावत्या जोडा, छायाचित्रे काढा आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. आमच्या त्या सभासदाने आता सामानाचा विमा घेतला आहे. त्याची यादी आमच्या युनियनच्या कचेरीतील कपाटात आहे. ती कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे.