डाग खाली, गळती वर

साळावच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याला, रेवदंड्यात माझं गॅरेज आहे. जुनी गाडी दारात लागली की निम्म्या वेळा तक्रार एकच असते. ऑइल गळतंय, मिस्त्री, सील बदलून टाका. जणू इंजिनात सील एकच असतं! मारुती ८०० चं तीन सिलिंडरांचं ७९६ सीसीचं इंजिन घ्या. क्रँकला पुढे-मागे एकेक सील, कॅमशाफ्टला एक, वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, खाली चेंबरचं पॅकिंग, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टरचं रबर, प्रेशर स्विच. यातलं काहीही गळलं तरी थेंब शेवटी खालीच येतो, आणि डाग बघून निदान केलं की खिसा रिकामा होतो.

चौलच्या एका काकांची १९९७ची ८०० अशीच आली. सुपारीची वाडी आहे त्यांची. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून ऑइल टपकायचं. दोन ठिकाणी गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं मागचं सील बदलून झालं होतं, गळती होती तशीच. "तिसऱ्यांदा बदल, पण आता कंपनीचं टाक," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, आधी हिला आंघोळ घालू."

इंजिन धुतल्याशिवाय गळती शोधायची नाही, हा माझ्याकडचा नियम. डिस्ट्रिब्यूटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, रॉकेल आणि ब्रशने वर्षानुवर्षांचं किटण काढलं, सगळं कोरडं केलं आणि संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवली. मग नागावपर्यंत फेरी मारून आलो आणि बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. क्रँकच्या सीलच्या बाजूला पावडर पांढरीच होती. ओली तपकिरी रेघ सुरू होत होती थेट वरून, हेडच्या टोकाला डिस्ट्रिब्यूटर बसतो त्या केसिंगखालून. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याच्या बरोब्बर खाली गिअरबॉक्स येतो. वरचं ऑइल ओघळून खालच्या जोडातून टपकतं, आणि बिचारं मागचं सील फुकट बदनाम होतं. तिथली ओ-रिंग काढली. नखाने दाबली तर दबेना, वाकवली तर तुटली. उष्णतेने आणि वयाने रबर असंच कडक होतं.

ओ-रिंग आणि पॅकिंग बदललं. पण गाडी लगेच दिली नाही, कारण ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट-पिवळी साय धरली होती. ही आपल्या किनाऱ्याची खास देणगी. हवा दमट, आणि गाडी जाते कुठे, तर बाजारात आणि परत. इंजिन पुरतं तापतच नाही. आत जमलेल्या पाण्याची वाफ होऊन निघून जायला हवी, ती तिथेच ऑइलमध्ये घुसळली जाते. तो चिकटा टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरला जाणाऱ्या ब्रीदर पाइपात साठतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरात उतरतो. त्याची बाहेर पडायची वाट हा पाइप. तो तुंबला की आत दाब वाढतो, आणि दाब मिळेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी सील कितीही बदला, आज हे गळेल, उद्या ते. काकांचा पाइप जवळजवळ बंद होता. साफ केला. त्यांना सांगितलं, आठवड्यातून एकदा अलिबागपर्यंत तरी गाडी न्या.

साफ पाइप असूनही झाकण उघडल्यावर चालू इंजिन जोरात धूर फेकत असेल, तर रिंगा गेल्या समजा. ते दुखणं मोठं आहे, पॅकिंगने भागत नाही.

मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट लागते, तेव्हापासून मुंबईच्या गाड्या इकडे वाढल्या. काही जण जुनी गाडी बंगल्यावर ठेवूनच देतात. महिना-महिना उभ्या गाडीत सीलची ओठासारखी कड सुकते, चालू केली की ऑइल सोडते. खाऱ्या हवेने पत्र्याचा चेंबरही गंजतो, आणि काशीदच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांचं तर विचारूच नका. बारीक भोक पडलं की वरून एम-सील थापतात. ते मुरूडपर्यंत पोहोचायला ठीक, इलाज म्हणून नाही.

अॅम्बॅसेडरवाल्यांची मात्र मी समजूत घालायचो. तिच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात क्रँकच्या मागच्या बाजूला रबरी सीलच नव्हतं. दांड्यावर आटे कोरलेले, फिरताना ते ऑइल आत परत ढकलायचे. इंजिन बंद झालं की ढकलणारं कोणी नाही. चार थेंब पडणारच, ती रचनाच तशी.

गळती थांबवायला बोल्ट आवळत सुटणं हा आणखी एक रोग. टॅपेट कव्हर किंवा चेंबर जास्त आवळला की पत्रा बोल्टजवळ आत दबतो, मधला भाग उचलला जातो आणि पॅकिंग पिळून बाहेर येतं. मग दबलेली कड लाकडावर ठेवून ठोकून सपाट करावी लागते. शिवाय पॅकिंगला लावायच्या अनाबॉन्ड सीलंटचा जाड थर लावू नका, सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. गळती बंद करणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. त्यांनी रबर थोडं फुगतं, पण तुटलेली ओ-रिंग काही जोडली जात नाही.

कॅमशाफ्टचं सील गळत असेल तर मात्र थांबू नका, ते ऑइल टायमिंग बेल्टवर पडतं आणि बेल्ट खराब होतो. इतर बारीक गळतीवर पावसाळा काढायचा असेल तर खुशाल काढा, फक्त दर रविवारी सपाट जागेवर, गार इंजिनात ऑइलची पट्टी ओढून बघा. या इंजिनात ऑइल मावतं तीनेक लिटर, त्यातलं एक गेलं तरी फरक पडतो. आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका. तो ऑइल कमी झाल्याचं नाही, दाब गेल्याचं सांगतो. तो लागला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि मिस्त्रीला बोलवा, गॅरेजपर्यंत चालवत आणू नका.