अंगणातली द्राक्षवेल

वेल हिरवीगार, पण घड नाही! नांदेड-लातूरच्या घरोघरी ही तक्रार आम्ही ऐकतो. मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. दौलताबादची द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे इब्न बतूताने १४ व्या शतकात लिहून ठेवले आहे. बहुतेकदा अडते ते छाटणीपाशी. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवायच्या, ऑक्टोबरात त्याच काड्यांवर गोडी छाटणी. घड त्यांच्यावरच येतात. हात धजावत नाही, तरी छाटाच.

आणि पाणी? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते कोण विसरेल! डॉगरिज खुंटावरचे कलम घ्यावे, कमी पाण्यात तगते. वुजूचे पाणी बिनसाबणाचे असते. ते गटारात न सोडता वेलीच्या आळ्यात सोडावे.