निकाल हातात, पण पुढे काय? सीमेपलीकडचं काम करणाऱ्या वकिलांच्या अडचणी

ज्यांना गर्दीच्या लोकलमध्ये ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "आणि मग" थोडे गाळलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

००:४० माझी फजिती

सुरुवात माझ्यापासूनच करतो. नोकरी सांभाळून मी एका परदेशी कंपनीसाठी फ्रीलान्स काम करत होतो. तीन बिलं वेळेवर आली, शेवटची दोन आलीच नाहीत. एकूण २,२०० डॉलर. मेल केले, उत्तर नाही. मग मी प्रथमच तो करार उघडून वाचला. हो, सही केल्यावर आठ महिन्यांनी. हसू नका, तुम्हीही ॲपच्या अटी न वाचताच "मान्य"वर टॅप करता.

करारात लिहिलं होतं: कायदा अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा, आणि वाद झालाच तर लवाद सिंगापूरला. मी बसलोय पुण्यात.

माझी आतेबहीण वकील आहे, कंपन्यांचे परदेशी करार बघते. तिला फोन केला. ती म्हणाली, "अरे, तू बरोबरच आहेस. जिंकशीलही. पण सिंगापूरला लवाद लावायचा खर्च तुझ्या बिलापेक्षा जास्त होईल. निवाडा मिळाला की तो घेऊन अमेरिकेतल्या कोर्टात जायचं. आणि तोवर त्या कंपनीच्या खात्यात काहीतरी उरलेलं असायला हवं!"

मी म्हटलं, "ताई, मग तुम्ही वकील लोक करता तरी काय?" त्या प्रश्नावर ती दीड तास बोलली. आजचा भाग त्या दीड तासातून निघालाय. त्यातल्या केसेस मी नंतर स्वतः वाचून काढल्या.

०३:१० पहिली अडचण: निकालाच्या मागे पोलीस नसतो

आपल्याकडे दिवाणी कोर्टात दावा जिंकलात की वसुलीसाठी दरखास्त लावता. मग बेलिफ येतो, जप्ती होते. हळू का होईना, एक यंत्रणा असते. देशाबाहेर अशी एकच यंत्रणा नाही. जगाचं कोर्ट आहे, जगाचा बेलिफ नाही.

कुलभूषण जाधव यांची केस घ्या. नौदलातले माजी अधिकारी, कुटुंब मुंबईचं. मार्च २०१६ मध्ये पाकिस्ताननं त्यांना बलुचिस्तानात पकडल्याचं जाहीर केलं. भारताचं म्हणणं, त्यांना इराणमधून पळवून नेलं. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी कोर्टानं फाशी सुनावली. त्यानंतर महिन्याभरात, ८ मे रोजी भारत द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १८ मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली.

इथे वकिलांसमोरचा पेच बघा. त्या न्यायालयाला कुठल्याही भांडणात पडता येत नाही. दोन्ही देशांनी आधी कुठेतरी संमती दिलेली असावी लागते. म्हणून हरीश साळवे आणि त्यांच्या टीमनं "जाधव निर्दोष आहेत" हा मुख्य मुद्दा केलाच नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ धरलं: परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे, आणि तो पाकिस्ताननं दिला नाही. दार एकच उघडं होतं, त्यातून आत जायचं होतं. साळवे यांनी या केसची फी घेतली एक रुपया.

१७ जुलै २०१९ ला निकाल लागला, १५ विरुद्ध १. पाकिस्ताननं कलम मोडलं, आता शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. पण न्यायालयानं शिक्षा रद्द केली नाही, सुटकेचा हुकूमही दिला नाही.

मग फेरविचार कुठे? पाकिस्तानच्याच कोर्टात. भारत म्हणाला, आमचा वकील द्या, नाहीतर ब्रिटनमधला तरी चालेल. पाकिस्तान म्हणाला, आमच्या देशाची सनद असलेलाच वकील उभा राहू शकतो. गाडी तिथे अडली.

यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये जाधवांची आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या. मध्ये काच होती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं नंतर सांगितलं की आईला मराठीत बोलू दिलं नाही, मध्येमध्ये थांबवलं. दोन वर्षांनी लेकराला बघणारी आई, आणि तिनं मायबोलीत बोलायचं नाही. कलम ३६ कशासाठी आहे हे मला त्या काचेवरून कळलं. शिक्षा अजून अमलात आलेली नाही, सुटकाही झालेली नाही.

०७:४५ दुसरी अडचण: जिंकलेला पैसा शोधायचा कुठे?

आता पैशाच्या केसेस. लवादाचा निवाडा कोर्टाच्या निकालापेक्षा परदेशात सोपा पडतो, कारण १९५८ चा न्यूयॉर्क करार. १७० हून अधिक देश त्यात आहेत आणि ते एकमेकांकडचे निवाडे साधारणपणे मान्य करतात. कोर्टाच्या निकालाचं तसं नाही. ब्रिटन, सिंगापूर, अमिरातीच्या वरच्या कोर्टांचे पैशाचे हुकूम आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली थेट वसुलीला लावता येतात. अमेरिका त्या यादीत नाही. तिथला हुकूम घेऊन भारतात आलात तर त्याच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो.

पण समोर सरकारच असेल तर? २०१२ मध्ये भारतानं प्राप्तिकर कायद्यात बदल केला, तोही जुन्या व्यवहारांना लागू होणारा. त्यावरून व्होडाफोन आणि केर्न या दोन कंपन्या लवादात गेल्या आणि २०२० मध्ये दोघीही जिंकल्या. केर्नला १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज मिळायचं होतं. सरकारनं निवाडा मान्य केला नाही. मग केर्नचे वकील जगभर भारत सरकारची मालमत्ता शोधायला निघाले. न्यूयॉर्कच्या कोर्टात एअर इंडियावर दावा लावला: विमान कंपनी सरकारचीच, तर तिच्याकडून वसुली करू द्या. पॅरिसमध्ये भारत सरकारच्या सुमारे २० मालमत्ता गोठवण्याचा हुकूमच मिळवला. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेनं तो जुना कर मागे घेतला आणि साधारण ७,९०० कोटी रुपये परत देऊन प्रकरण मिटलं.

मिटवलं ते एका कायद्यानं, पण तोवर दोन्हीकडच्या वकिलांना पाच-सहा देशांचा कायदा एकाच वेळी लढवावा लागला. कुठल्या देशात सरकारची इमारत जप्त होते आणि कुठे ती राजनैतिक म्हणून सुटते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं.

देवास आणि अँट्रिक्सचं प्रकरण तर अजून गुंत्याचं. अँट्रिक्स ही इस्रोची व्यापारी कंपनी. २००५ चा उपग्रहाचा करार २०११ मध्ये रद्द झाला. २०१५ मध्ये लवादानं देवासला ५६.२५ कोटी डॉलर द्यायला सांगितले. मग २०२२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं, हा सगळा व्यवहारच फसवणुकीचा, कंपनी गुंडाळा. दिल्ली हायकोर्टानं निवाडाही रद्द केला. आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर देवासच्या बाजूनं कौल दिला, म्हणजे तिथली लढाई चालूच राहिली. निवाडा एकच. एका देशात तो कागदाचा तुकडा, दुसऱ्या देशात जिवंत हक्क. अशिलाला काय सांगायचं?

या अनुभवातून भारतानं २०१६ चा नवा नमुना करार काढला आणि जुने बहुतेक गुंतवणूक करार संपवले. नव्या नमुन्यात गुंतवणूकदारानं आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात खटपट करायची, मग लवाद. अमिरातीसोबतच्या नव्या करारात ती मुदत तीन वर्षं आहे. म्हणजे या क्षेत्रातल्या वकिलाला जुने आणि नवे दोन्ही नियम एकदम डोक्यात ठेवावे लागतात.

१२:०० तिसरी अडचण: अशीलच निर्बंधांच्या यादीत

वकिलाचं जुनं तत्त्व आहे, आरोपी कोणीही असो, त्याला वकील मिळाला पाहिजे. आता काम घ्यायच्या आधी निर्बंधांची यादी तपासावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपियन युनियननं रशियाच्या सरकारला आणि तिथल्या कंपन्यांना कायदेशीर सल्ला देण्यावर बंदी घातली. कोर्टात बाजू मांडायला परवानगी राहिली, पण करार लिहून देणं, व्यवहारावर सल्ला देणं बंद. पॅरिस आणि ब्रुसेल्सच्या वकील संघटनांनी याला आव्हान दिलं आणि २०२४ मध्ये त्या हरल्या.

दुसरीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावरच निर्बंध लादले. पुढे न्यायाधीशांवरही. जे अमेरिकी लोक त्या न्यायालयाला युद्धगुन्ह्यांचे पुरावे पुरवत होते, त्यांना प्रश्न पडला: मदत केली तर आपल्यालाच शिक्षा होईल का? मानवी हक्कांचं काम करणारे दोघे मेन राज्यातल्या कोर्टात गेले आणि जुलै २०२५ मध्ये त्यांना तात्पुरता दिलासा मिळाला. दिलासा त्या दोघांपुरता. बाकीच्यांनी आपापलं बघायचं.

१४:२० चौथी अडचण: डेटा, म्हणजे आपलं खातं

इथे मला जरा जास्त कळतं. समजा अमेरिकेत खटला चालू आहे आणि तिथलं कोर्ट म्हणतं, सगळे ईमेल हजर करा. ते ईमेल पडलेत जर्मनीतल्या सर्व्हरवर, आणि युरोपचा गोपनीयता कायदा म्हणतो, माणसांची माहिती अशी बाहेर पाठवता येणार नाही. वकील मध्ये अडकला.

शिवाय नियम सारखे बदलतात. युरोप ते अमेरिका डेटा पाठवायची एक व्यवस्था युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मोडली, तिच्या जागी आलेली दुसरी जुलै २०२० मध्ये मोडली, तिसरी २०२३ मध्ये आली. आपण लायब्ररीचं नवं व्हर्जन आलं की कुरकुरतो. इथे हजारो कंपन्यांचे करार एका सकाळी तुटतात आणि ते परत लिहायचे वकिलांनी. भारताचा स्वतःचा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, म्हणजे त्यात आता आपलीही भर आहे.

१६:०५ पाचवी अडचण: एआयनं रचलेले निकाल

रॉबर्तो माता नावाच्या प्रवाशानं एव्हियांका विमान कंपनीवर दावा लावला. एल साल्वाडोरहून न्यूयॉर्कला येताना जेवणाची ट्रॉली गुडघ्याला लागली, एवढंच प्रकरण. प्रश्न होता आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराचा: त्यात दावा लावायची मुदत दोन वर्षांची आहे. प्रवाशाच्या वकिलांनी चॅटजीपीटीला विचारलं आणि त्यानं दिलेले निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

ताईचं म्हणणं, परदेशी कायद्यात हा धोका दुप्पट. आपल्या कोर्टाचा खोटा निकाल अनुभवी वकिलाला वासानं कळतो. दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या भाषेतला खोटा निकाल कशानं ओळखणार? त्यावर उपाय जुनाच: मूळ कागद उघडायचा आणि वाचायचा. कोड कॉपी-पेस्ट करून थेट प्रॉडक्शनला टाकणाऱ्या आपल्या जमातीलाही हे लागू आहे.

१८:३० तुमच्या-माझ्यासाठी

परदेशी क्लायंटचा करार आला तर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, भांडण कुठे चालणार. दोन, कायदा कुठल्या देशाचा. तीन, समोरच्याची मालमत्ता कुठल्या देशात आहे, कारण वसुली शेवटी तिथेच होणार. रक्कम छोटी असेल तर या तिन्हींपेक्षा उपयोगी एकच गोष्ट, आगाऊ पैसे. घरातलं कोणी परदेशात अडकलं तर पहिला शब्द लक्षात ठेवा: वकिलात. संपर्काची मागणी लगेच आणि लेखी करा.

माझे २,२०० डॉलर? गेले. ताईनं एक कडक पत्र लिहून दिलं, त्यालाही उत्तर आलं नाही. तिनं फी घेतली नाही, फक्त म्हणाली, पुढचा करार सही करायच्या आधी मला पाठव. पुढच्या करारात मी निम्मी रक्कम आधी मागितली आणि लवादाचं ठिकाण मुंबई घातलं. क्लायंटनं एका मेलमध्ये हो म्हटलं. विचारायला काय लागत होतं, हे मला २,२०० डॉलरनंतर कळलं.

तुमचाही असा अडकलेला करार असेल तर व्हॉइस नोट पाठवा, कंपनीचं नाव न घेता. भेटू पुढच्या भागात.