नवा राउटर लावला आणि इंटरनेट गेले : दोष कोठे शोधावा?



या पानावर आपण संत्र्याच्या बागेची निगा, पऱ्हाटीवरील कीड, गुरांचे आजार, लेकरांच्या लसी असे विषय नेहमी वाचतो. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण शेती आणि आरोग्य या दोहोंशी त्याचा जवळचा संबंध आहे. घरात जुना राउटर होता. तो कमकुवत झाला म्हणून सौंसर, छिंदवाडा किंवा नागपूरहून नवा आणला. तार जोडली, दिवे लागले, मोबाईलवर वाय-फायचे नावही दिसू लागले. पण इंटरनेट काही येत नाही. अशा वेळी पुष्कळ घरांत दोन-दोन दिवस खटपट चालते, आणि शेवटी चांगला राउटर खराब समजून दुकानदाराला परत केला जातो.

हे दोन दिवस महागात पडू शकतात. प्रधानमंत्री फसल बीमा योजनेत विमा उतरवलेल्या पिकाचे गारपिटीने किंवा शेतात पाणी साचून नुकसान झाले, तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते. पीएम किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी करावी लागते. आजारी माणसाला शहरात नेणे कठीण असेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळतो. म्हणून घरचे इंटरनेट बंद पडले तर दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्याची रीत घरातील एका तरी माणसाला आली पाहिजे. ती अवघड नाही.

तार कोठून येते?

देशातील ग्रामपंचायती काचेच्या तारेने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली. सरकारी आणि खाजगी कंपन्या अशाच काचेच्या तारेने, म्हणजे फायबरने, घरापर्यंत इंटरनेट आणतात. या तारेतील काच केसाएवढी बारीक असते. तिच्यातून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो.

ही तार घरात आली की कंपनीने दिलेल्या एका डब्यात शिरते. त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. आपण त्याला 'फायबरचा डबा' म्हणू. तो प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करतो. तेथून साधी तार राउटरकडे जाते, आणि राउटर तेच संकेत वाय-फायने मोबाईलला देतो. काही घरांत फायबरचा डबा आणि राउटर एकाच पेटीत असतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाईलवर वाय-फायच्या सर्व रेघा भरलेल्या दिसल्या, तर राउटर आणि मोबाईल यांची गाठ पडली, एवढेच सिद्ध होते. बाहेरून इंटरनेट आले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

शोधण्याचा क्रम

ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचले नाही, तर शहाणा शेतकरी झाडापाशी बसून नळी बदलत नाही. तो विहिरीपासून निघतो. मोटर चालू आहे का, फिल्टर तुंबला आहे का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असे पाहत तो झाडापर्यंत येतो. इंटरनेटचा दोषही असाच शोधावा. शुभवर्तमानातील हरवलेल्या नाण्याची गोष्ट आपण ऐकली आहे. त्या स्त्रीने दिवा लावला, घर झाडले आणि कोपरान् कोपरा पाहिला. क्रमाने शोधणाऱ्याला वस्तू सापडते.

याला जोडून एक नियम पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने बिघडले आणि कशाने सुधारले हे कळत नाही.

१) पहिली परीक्षा : जुना राउटर

नवा राउटर नीट चालू होईपर्यंत जुना टाकून देऊ नये. इंटरनेट येत नसेल तर जुना पुन्हा जोडून पाहावा. फायबरच्या डब्याचे स्वतःचे वाय-फाय असेल, तर मोबाईल त्याला जोडून पाहावा. तेथे इंटरनेट आले, तर कंपनीची तार ठीक आहे आणि दोष नव्या राउटरच्या जोडणीत आहे. तेथेही आले नाही, तर दोष तारेत, डब्यात किंवा कंपनीकडे आहे. रिचार्ज संपले नाही ना, हेही याच वेळी पाहावे. या एका परीक्षेने अर्धे काम होते.

२) डब्याचे दिवे

फायबरच्या डब्यावर बहुधा तीन महत्त्वाचे दिवे असतात. 'पॉवर' म्हणजे वीज. 'पॉन' म्हणजे कंपनीशी गाठ पडली. हा स्थिर हिरवा असावा. तो सतत लुकलुकत असेल तर गाठ अजून पडलेली नाही. तिसरा दिवा 'एलओएस'. हा लाल झाला तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही असे समजावे. मग राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

नवा राउटर ठेवण्यासाठी टेबल सरकवताना फायबरची तार मुडपली जाते किंवा तिचे टोक सैल होते, आणि म्हणून लाल दिवा लागतो. ही तार काचेची आहे. तिला घडी घालू नये, खिळ्याला घट्ट गुंडाळू नये. वाटीच्या तोंडापेक्षा लहान वेटोळे करू नये. मुडपलेली तार हलकेच सरळ करून पाहावी. तरीही लाल दिवा राहिला तर कंपनीला कळवावे.

येथे आरोग्याची एक सूचना. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो डोळ्यांत जाऊ देणे धोक्याचे आहे. काचेचे कण बोटात रुततात आणि सहजी दिसत नाहीत. लहान मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

३) तार योग्य छिद्रात आहे का?

राउटरच्या मागे सारखी दिसणारी चार-पाच छिद्रे असतात. त्यांपैकी एक वेगळे असते. त्यावर इंग्रजीत 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असे लिहिलेले असते आणि पुष्कळदा त्याचा रंगही निराळा असतो. बाकीच्यांवर 'लॅन' लिहिलेले असते. फायबरच्या डब्याच्या लॅनमधून निघालेली तार नव्या राउटरच्या वॅनमध्ये गेली पाहिजे. ती चुकून लॅनमध्ये लावणे ही फार सामान्य चूक आहे. तार बसताना 'टिक' असा आवाज येतो. तो आला नाही तर ती नीट बसलेली नाही.

राउटर विकत घेतानाच तो फायबरसाठी चालतो का, हे विचारावे. काही राउटर जुन्या टेलिफोनच्या तारेसाठी असतात, काही सिमकार्डवर चालतात. तसेच बाजारातून दुसरा फायबरचा डबा आणून लावला तर तो आपोआप चालत नाही. त्याचा क्रमांक कंपनीकडे नोंदवावा लागतो.

४) बंद-चालू करण्याचा क्रम

दोन्ही उपकरणे बंद करावी. दोन मिनिटे थांबावे. आधी फायबरचा डबा चालू करावा आणि पॉनचा दिवा स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. मग राउटर चालू करावा. काही ठिकाणी डब्याच्या स्मरणात जुनाच राउटर राहिलेला असतो. या रीतीने तो नव्याला ओळखतो. प्रत्येक उपकरणाला त्याचाच ॲडॉप्टर लावावा. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर ५ व्होल्टचा राउटर चालवला तर तो जळू शकतो.

५) यूजरनेम आणि पासवर्ड

एवढे करूनही इंटरनेट आले नाही, तर कारण बहुधा येथे सापडते. पुष्कळ कंपन्या ग्राहकाला एक यूजरनेम आणि पासवर्ड देतात. कंपनीचा माणूस पहिल्या दिवशी तो जुन्या राउटरमध्ये भरून गेला; घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. नवा राउटर मात्र कोरा असतो. त्याला कंपनीच्या दारात कोणी ओळखत नाही. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड हे दोन वेगळे आहेत.

म्हणून कंपनीला किंवा केबलवाल्याला पुढील तीन प्रश्न विचारावे :

अ) माझे यूजरनेम फायबरच्या डब्यात भरले आहे की राउटरमध्ये भरायचे आहे? डब्यात असेल तर नव्या राउटरमध्ये 'ऑटोमॅटिक' किंवा 'डायनॅमिक आयपी' हा पर्याय निवडावा. राउटरमध्ये भरायचे असेल तर 'पीपीपीओई' निवडून यूजरनेम आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर तसेच लिहावे; लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही बदलू नयेत.

आ) माझ्या जुन्या राउटरचा मॅक क्रमांक तुमच्याकडे नोंदलेला आहे का? असेल तर नव्या राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरील मॅक क्रमांक त्यांना सांगावा.

इ) व्हीलॅन क्रमांक भरावा लागतो का? काही कंपन्यांचा असतो, काहींचा नसतो.

६) दोघांचा पत्ता एकच

फायबरचा डबा आणि राउटर हे दोघेही कधीकधी आपला पत्ता १९२.१६८.१.१ असाच सांगतात. एका वस्तीत एकाच नावाची दोन घरे असली की डाकियाचा गोंधळ होतो, तसे येथे होते. अशा वेळी नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलावा. काही नवे राउटर हे स्वतःच ओळखून बदल करतात.

७) इंटरनेट आले, पण सर्वत्र नाही

नव्या राउटरला जुनेच वाय-फायचे नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर घरचे मोबाईल आणि टीव्ही बहुधा आपोआप जोडले जातात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन प्रकारचे वाय-फाय देत असेल, तर जाड मातीच्या भिंतीपलीकडे २.४ चे अधिक चांगले पोचते. जुने मोबाईलही तेवढेच ओळखतात.

काय करू नये

राउटरच्या मागील बारीक छिद्रातले 'रीसेट' बटण सुईने दाबण्याचा मोह आवरावा. त्याने आत भरलेले सर्व पुसले जाते. कंपनीच्या फायबरच्या डब्याचे रीसेट तर मुळीच दाबू नये. जुन्या राउटरमधील माहितीचा आधी मोबाईलने फोटो काढून ठेवावा.

'तुमचे इंटरनेट दुरुस्त करतो' असे सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला किंवा मोबाईलमध्ये एखादे ॲप घ्यायला लावले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

तक्रार करताना तक्रार क्रमांक अवश्य लिहून घ्यावा. २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार नियमांप्रमाणे तो देणे कंपनीवर बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. 'इंटरनेट चालत नाही' एवढेच न सांगता 'पॉन हिरवा आहे, जुन्या राउटरवर चालते, नव्यावर चालत नाही' असे सांगितले, तर काम लवकर होते.

आणि काम तातडीचे असेल तर दुरुस्तीची वाट पाहत बसू नये. मोबाईलचा हॉटस्पॉट वापरावा. पिकाच्या नुकसानीची सूचना १४४४७ वर साध्या फोननेही देता येते. ७२ तास राउटरसाठी थांबत नाहीत.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिडोर यांचा सण १५ मे रोजी येतो. त्याच नावाचे दुसरे संत, सेव्हिलचे बिशप इसिडोर, ६३६ साली वारले. त्यांनी आपल्या काळातील ज्ञान एका मोठ्या ग्रंथात गोळा केले. म्हणून पुष्कळ लोक त्यांना इंटरनेटचे आश्रयदाते मानतात. आपल्या तरुण मुलामुलींना हे काम लवकर समजते. त्यांनी शेजारच्या एकट्या आजीआजोबांच्या घरी जाऊन एकदा दिवे आणि तारा पाहून द्याव्या, यूजरनेम एका कागदावर लिहून तो घरच्या कागदपत्रांत ठेवून द्यावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे, आणि ती खरी शेजारप्रीती आहे.

प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना व शेतांना आशीर्वाद देवो.

— आपला धर्मगुरू